तासावर मिळणारी सोबत : सहा महिन्यांचा अनुभव

ज्येष्ठ नागरिकांना तासांच्या हिशेबाने सोबत पुरवणारी पुण्यातील एक खासगी सेवा आम्ही माझ्या आत्यासाठी फेब्रुवारी ते जुलै २०२५ असे सहा महिने घेतली होती. महिन्याला आठ भेटी, प्रत्येक भेट दोन तासांची, शुल्क ७,२०० रुपये आणि सुरुवातीला ५,००० रुपये अनामत, असा करार होता. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार एखाद्या कर्मचाऱ्याबद्दल नसून सेवेच्या आखणीबद्दल आहे. शिवाय तिथून आलेल्या एका मुलीने जे काम केले, त्याचे श्रेय संस्थेला द्यावे की त्या मुलीच्या स्वतःच्या समजुतीला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आत्या ७१ वर्षांची आहे. तिने लग्न केले नाही. टपाल खात्यात छत्तीस वर्षे नोकरी करून २०१४ मध्ये ती निवृत्त झाली, आणि त्यातली बरीच वर्षे तिने बचत बँकेच्या खिडकीवर काढली, म्हणजे दिवसभर माणसांशी बोलणे हाच तिचा व्यवसाय होता. सहकारनगरमधल्या बारा बिऱ्हाडांच्या तीन मजली इमारतीत ती एकतीस वर्षे एकटी राहिली, परंतु तिला एकाकी म्हणावे असे कोणाच्याही मनात कधी आले नाही. २०२२ च्या अखेरीस इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावी लागली. बिल्डर देत असलेल्या भाड्यात जे बसेल ते घर ज्याने त्याने शोधले, आणि बारा बिऱ्हाडे धनकवडीपासून वारज्यापर्यंत पांगली. आत्याला धायरीत चौथ्या मजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर मिळाले. करारात तीस महिने लिहिले होते. हा मजकूर लिहीत असताना इमारतीचा सांगाडाच उभा आहे. कोणी वारले नाही, कोणाशी भांडण झाले नाही, पैशाची अडचण आली नाही, त्यामुळे या स्थलांतरात तिचे काही हरवले आहे असे आम्हा नातेवाइकांना वाटलेच नाही. पुनर्विकासाच्या करारात चटई क्षेत्राचा, कॉर्पस फंडाचा आणि टेम्पोच्या भाड्याचासुद्धा उल्लेख असतो, पण जिन्यात रोज भेटणारी माणसे तीन वर्षे कुठे असतील याचे कलम मी अजून पाहिलेले नाही.

मला ते उमगले २०२४ च्या दिवाळीत, आणि तेही तुकड्यातुकड्याने. वर्तमानपत्रांची चळत कोपऱ्यात होती, पण वरची बरीचशी वर्तमानपत्रे घडीसुद्धा न मोडलेली होती. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी पावलिटरवर आली होती, कारण येणारे-जाणारे कोणी नव्हते. रात्री भाजी न करता चहा-पोळीवर भागवण्याची सवय तिला लागली होती. दूरदर्शनचा आवाज जिन्यापर्यंत येत होता, आणि चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला, ते पुण्यातच असूनही, ती गुडघ्याचे कारण सांगून गेली नाही. यातले प्रत्येक कारण सुटे सुटे पाहिले तर पटण्यासारखे होते. मी डोंबिवलीहून सकाळी अकराच्या सुमारास फोन करीत असे, तेव्हा पहिली दोन वाक्ये तिचा आवाज बसलेला असे आणि मग मोकळा होई; सर्दी झाली आहे का असे विचारल्यावर ती एकदा सहज म्हणाली, "सर्दी कसली गं, कालपासून बोलले नाहीये ना कोणाशी." त्याच आठवड्यात दवाखान्याच्या अर्जावर तातडीच्या प्रसंगी कोणाला कळवायचे या रकान्यापाशी ती बराच वेळ थांबली आणि शेवटी तिने माझा क्रमांक लिहिला. मी दीडशे किलोमीटरवर राहते.

एकटे राहणे, एकाकी वाटणे आणि समाजापासून तुटणे या तीन गोष्टी आपण बोलताना एकच करून टाकतो, आणि या सेवेच्या जाहिरातीतही त्यांची सरमिसळ आहे. एकाकीपणा ही भावना आहे. हवी तशी जवळीक आणि मिळणारी जवळीक यांतल्या अंतराची ती बोच आहे, आणि ती भरल्या घरातही होऊ शकते. सामाजिक विलगता मात्र बाहेरून मोजता येते: संबंध किती, भेटी किती, अडीनडीला हाक मारता येईल अशी माणसे किती. आत्याला विचारले असते तर तिने एकाकी वाटत नाही असेच सांगितले असते, आणि कदाचित ते खरेही असते, कारण स्वतःच्या सोबतीने राहण्याची तिला आयुष्यभराची सवय आहे. तिची तुटली होती ती ये-जा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधांवरील आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा व्यक्तींपैकी एकीला एकाकीपणा भेडसावतो आणि वर्षाकाठी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला जातो. स्मृतिभ्रंशाबाबतच्या लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोग्या ज्या १४ कारणांची यादी दिली, तिच्यातही सामाजिक विलगता आहे आणि कमी ऐकू येणेही आहे. या दुसऱ्या कारणाकडे पुढे यावेच लागेल.

नोंदणीच्या वेळी सेवेची समन्वयक घरी आली आणि तिने जवळजवळ दीड तास दिला, ही या अनुभवातली पहिली चांगली गोष्ट. औषधे, गुडघे, जिना, बँकेचे व्यवहार वगैरे चौकशी झाल्यावर तिने लुबेन मापनश्रेणीतले सहा प्रश्न विचारले. ही श्रेणी ज्येष्ठांमधील विलगतेचा अंदाज घेण्यासाठी जगभर वापरली जाते आणि तिचे छोटे रूप कोणालाही घरी वापरता येईल इतके सोपे आहे. महिन्यातून एकदा तरी भेटतात किंवा ज्यांचा फोन येतो असे नातेवाईक किती, मनातले मोकळेपणाने बोलता येईल असे किती, मदतीला बोलावता येईल इतके जवळचे किती, आणि मग हेच तीन प्रश्न मित्रमैत्रिणींबद्दल. एकही नसेल तर शून्य, एक असेल तर १, दोन असतील तर २, तीन-चार असतील तर ३, पाच ते आठ असतील तर ४ आणि नऊ किंवा अधिक असतील तर ५ गुण. एकूण तीस गुणांपैकी बारापेक्षा कमी पडले तर धोका आहे असे समजतात. आत्याचे नातेवाइकांचे ७ गुण झाले आणि मैत्रीचे अवघे २, बेरीज ९. मदतीला बोलावता येईल अशी मैत्रीण किती या प्रश्नावर तिने शून्य सांगितले आणि लगेच पुस्ती जोडली की सहकारनगरला असते तर आठ सांगितले असते. समन्वयकेने आकडा लिहून घेतला; ते पुस्तीचे वाक्य लिहून घेतल्याचे मी पाहिले नाही, आणि खरे निदान त्या वाक्यात होते.

सोबतीला आलेली पहिली मुलगी मूळची बार्शीची, समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. पहिल्याच दिवशी तिने "आजी" अशी हाक मारली आणि आत्याच्या कपाळावर आठी उमटली. टपाल कार्यालयात ती शेवटची दहा वर्षे "मॅडम" होती आणि इमारतीत सगळ्यांची ताई. आजी ती कोणाचीच नव्हती. मुलीने ते ताडले, विचारून घेतले आणि तडजोड "मावशी"वर झाली. ही बाब किरकोळ नाही. अशा सेवांच्या भाषेत सगळे ज्येष्ठ सरसकट आजी-आजोबा असतात, आणि माणसाला त्याच्या आयुष्याने कमावलेल्या नावाने न ओळखणे हाही तोडण्याचाच एक प्रकार आहे, असे मला आत्याच्या बाजूला बसून प्रथमच जाणवले.

पहिल्या तीन-चार भेटींत संस्थेने छापून दिलेले उपक्रम झाले: शब्दकोडे, जुन्या छायाचित्रांचा संग्रह, रंगीत पेन्सिलींनी मंडल, म्हणजे वर्तुळाकार नक्षी, रंगवणे. शब्दकोडे आत्या त्या मुलीपेक्षा लवकर सोडवत असे आणि मंडल रंगवायला तिने नकार दिला. पाचव्या भेटीत मुलीने छापील कागद पिशवीत ठेवला आणि विचारले की इथे येण्यापूर्वी मावशींना आठवड्याभरात कोण कोण भेटत असे. आत्याने टपाल खात्याच्या जुन्या डायरीच्या मागच्या पानावर अकरा नावे लिहिली. पाच जणी इमारतीतल्या होत्या, दोघी आवर्ती ठेवींची पासबुके घेऊन वर्षानुवर्षे तिच्या खिडकीशी येणाऱ्या महिला प्रधान (टपाल बचतीचे पैसे ग्राहकांकडून गोळा करणाऱ्या) एजंट होत्या, एक कार्यालयातली सहकारी, एक वाचनालयाची सेविका, एक फुलवाली आणि एक कोपऱ्यावरचा पिठाच्या गिरणीवाला. या यादीत जिवलग मैत्रीण म्हणता येईल अशा फार तर तिघी होत्या. बाकीची रोजच्या वाटेवरची माणसे, ज्यांच्याशी दोन मिनिटे बोलणे होते आणि चार दिवस दिसलो नाही तर जी विचारतात. स्थलांतरात आधी तुटतात ती हीच माणसे, कारण त्यांचे फोन क्रमांक आपल्याकडे कधी नसतातच.

अकरापैकी सात क्रमांक मिळवायला दोन भेटी गेल्या. पण फोन लावून देऊनही आत्या बोलणे पटकन आवरते घेई, "बरं, बरं, ठीक आहे" एवढेच म्हणे. त्या मुलीच्या लक्षात आले की ती प्रश्नाला नव्हे, प्रश्नाच्या सुराला उत्तर देते आहे. दूरदर्शनचा आवाज मी दिवाळीतच ऐकला होता आणि तो मला केवळ वैतागाचा विषय वाटला होता, हे येथे कबूल करायला हवे. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे तपासणी झाली, दोन्ही कानांची श्रवणशक्ती मध्यम प्रमाणात कमी झाल्याचे निघाले, आणि लग्नाला न जाण्यामागे गुडघ्याहून अधिक कानांचा वाटा होता हे उघड झाले: गर्दीत, सनईच्या आवाजात, कोणी काय म्हणाले ते कळत नाही, दोनदा "काय?" विचारल्यावर तिसऱ्यांदा विचारायला संकोच वाटतो, आणि मग न जाणेच सोयीचे होते. श्रवणयंत्र महाग आहे, सुरुवातीचे तीन-चार आठवडे ते डोक्यात गोंगाट करते, आणि त्याच काळात ते कपाटात जाण्याचा धोका असतो. त्या आठवड्यांत आठवड्यातून दोनदा येऊन कोणीतरी यंत्र लावून गप्पा मारायला लावते, हा या सेवेचा मला दिसलेला सर्वांत ठोस उपयोग. (पासष्ट वर्षांवरील, ठरावीक उत्पन्न मर्यादेच्या आतल्या ज्येष्ठांना राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. निवृत्तिवेतनामुळे आत्या त्यात बसत नाही, पण ज्यांच्या घरी या निकषांत बसणारे कोणी असेल त्यांनी पाहावे.)

एप्रिलपासून दर गुरुवारी सकाळी जुन्या ओळखीच्या जणींनी सहकारनगरमधल्या अरण्येश्वराच्या मंदिराच्या आवारात जमायचे असे ठरले. धायरी फाट्यावरून बसने स्वारगेट आणि तिथे बस बदलून सहकारनगर, हा प्रवास पहिल्या दोन वेळा ती मुलगी बरोबर असताना झाला, तिसऱ्या वेळी मुलगी स्वारगेटपर्यंतच आली, आणि चौथ्या वेळी आत्याने तिला येऊ नको म्हणून सांगितले. जमणाऱ्या पाच-सहा जणी सगळ्याच बिल्डरच्या नावाने बोटे मोडत होत्या, त्यामुळे बोलायला विषयाची वाण कधी पडली नाही.

येथून पुढे तक्रारी. पहिली अशी की गुरुवारच्या भेटी सेवेच्या नियमात बसत नव्हत्या. करार "एका ज्येष्ठासोबत" वेळ घालवण्याचा असल्याने इतर स्त्रिया हजर असतील तर ती गटभेट ठरते आणि तिचे शुल्क वेगळे, असे आम्हाला मार्चच्या शेवटी, म्हणजे या भेटी सुरू होण्याच्या तोंडावर, कळवण्यात आले. मी लेखी विचारले की विलगता कमी करण्यासाठी घेतलेल्या सेवेत चार माणसे जमली तर दंड कसा. उत्तरात विमा आणि जबाबदारी यांचे स्पष्टीकरण आले, जे अगदीच निराधार नव्हते, पण ते नोंदणीच्या दीड तासात कुठेही सांगितलेले नव्हते.

दुसरी तक्रार अहवालांची. प्रत्येक भेटीनंतर माझ्या मोबाइलवरील अॅपमध्ये हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह, दोन छायाचित्रे आणि "मावशींचा मूड आज छान होता" अशी ओळ येत असे. सहा महिन्यांत एकदाही मूड वाईट नव्हता. डोंबिवलीत लोकलमध्ये उभे राहून ते छायाचित्र पाहिले की माझ्या जिवाला बरे वाटे आणि त्या दिवशीचा फोन मी उद्यावर ढकले, हे मला मे महिन्यात लक्षात आले. अहवाल आत्यासाठी नव्हते, शुल्क भरणाऱ्यासाठी होते, आणि त्यांचा परिणाम माझे फोन कमी होण्यात झाला. आत्याला तर छायाचित्रे काढून कोणाला पाठवली जातात हेही नीट समजावून सांगितलेले नव्हते. समजले तेव्हा तिने शांतपणे सांगितले की खिडकीवर बसून तिने वर्षानुवर्षे लोकांच्या खात्यांची गुप्तता पाळली आहे.

तिसरी, मे महिन्याच्या मध्यावर ती मुलगी परीक्षेसाठी गेली आणि कोणतीही पूर्वसूचना न देता दुसरीला पाठवण्यात आले. माणसाशी जुळलेला धागा तोडताना किमान एका भेटीत दोघींनी मिळून येणे आणि ओळख करून देणे एवढी साधी रीत हवी होती. ज्याचे सगळे संबंध नुकतेच एका स्थलांतरात तुटले आहेत, त्याच्या बाबतीत तर ती अत्यावश्यकच मानायला हवी. नवी मुलगी वाईट नव्हती, पण तिच्या हातात पुन्हा मंडलाचा कागद होता. डायरीच्या मागच्या पानाची, श्रवणयंत्राची, गुरुवारची कोणतीही नोंद तिच्यापर्यंत पोचलेली नव्हती.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र सेवा चोख होती. येणाऱ्या व्यक्तीची पोलीस पडताळणी आम्हाला दाखवण्यात आली, भेटवस्तू आणि उसने पैसे घेण्यास मनाई होती, बँकेच्या किंवा एटीएमच्या व्यवहारात हात घालायचा नाही हे करारात स्पष्ट होते. एकट्या ज्येष्ठांना पोलीस असल्याचे भासवून फोनवरच डिजिटल अटकेची भीती घालून लुबाडण्याचे प्रकार होत असतात, आणि ज्याला दिवसभरात विचारायला कोणी नाही तो त्यात सहज अडकतो. सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक पहिल्याच आठवड्यात आत्याच्या फोनवर आणि फ्रिजवर, दोन्हीकडे लिहून ठेवला गेला, हे चांगले झाले.

एवढा खर्च करावाच लागतो का, असे अनेकांनी मला विचारले. धायरीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाची वर्गणी वर्षाला ३०० रुपये आहे आणि तिथे व्याख्याने, वाढदिवस, सहली सगळे चालते. पण सभागृह दुसऱ्या मजल्यावर, उद्वाहन नाही, आणि पहिल्या दिवशी अनोळखी पंचवीस माणसांत जाऊन बसायला जे बळ लागते ते नेमके विलग झालेल्या माणसापाशी उरलेले नसते. आत्या तिथे जूनपासून जाऊ लागली, म्हणजे गुरुवारचा जम बसल्यावर. क्रम उलटा असता तर ती गेली नसती असे मला वाटते. केंद्र सरकारची एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर सकाळी आठ ते रात्री आठ विनामूल्य उपलब्ध असते आणि माहिती, कायदेशीर मार्गदर्शन, भावनिक आधार यांसाठी ती उपयोगी आहे. मन फारच खचले असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. मात्र दोन्हीकडे फोन उचलून बोलण्याचे पहिले पाऊल त्या व्यक्तीने किंवा घरच्या कोणीतरी टाकावे लागते. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना निम्म्या दरात, याचा उपयोग आत्याने जुलैत प्रथमच केला आणि अर्ध्या तिकिटात साताऱ्याला जाऊन मावसबहिणीकडे चार दिवस राहून आली.

जुलैच्या शेवटी मी तेच सहा प्रश्न आत्याला स्वतः विचारले, कारण सेवेने ते नोंदणीनंतर पुन्हा कधीही विचारले नव्हते. ज्या मोजपट्टीने धोका ठरवला, तीच पुन्हा लावून धोका घटला का हे पाहू नये, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. नातेवाइकांचे गुण ७ वरच राहिले, आणि हे आम्हा नातेवाइकांनी मनाला लावून घेण्यासारखे आहे. मैत्रीचे २ वरून ९ झाले, बेरीज १६. हे कळवल्यावर संस्थेने अभिनंदन केले आणि लगेच वार्षिक नोंदणीवर सवलत देऊ केली. भेटी टप्प्याटप्प्याने कमी करत न्यायची, आठावरून चार, चारावरून दोन, अशी कोणतीही योजना त्यांच्याकडे नव्हती. माणूस बरा होऊन सेवा सोडेल ही शक्यता त्यांच्या दरपत्रकात धरलेलीच नाही.

पाचपैकी तीन गुण देते. घरच्यांना लांबून जाता येत नसेल, श्रवणयंत्रासारखी एखादी गोष्ट चिकाटीने मार्गी लावायची असेल, किंवा तुटलेली माणसे शोधून पुन्हा जोडून देणारे तरुण पाय हवे असतील, तर तीन ते चार महिन्यांसाठी अशी सेवा घ्यायला हरकत नाही. नोंदणीच्या वेळी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: सोबती बदलताना ओळखीची भेट होईल का, इतर माणसे हजर असतील तर वेगळे शुल्क पडेल का, आणि सहा प्रश्न पुन्हा केव्हा विचारले जातील. अॅपवरचे अहवाल बंद ठेवायला सांगावे, किंवा निदान ज्येष्ठांना आधी दाखवून मगच पाठवायला सांगावे.

ऑगस्टपासून आम्ही सेवा बंद केली. बार्शीची ती मुलगी परीक्षेनंतर एका गुरुवारी अरण्येश्वराला येऊन गेली, स्वतःच्या बसच्या पैशाने. अनामत रक्कम सात दिवसांत परत मिळेल असे करारात होते. ती दोन स्मरणपत्रांनंतर एकोणिसाव्या दिवशी, पूर्ण मिळाली.